कॅन्टोनीज बोलायला शिकताना: शब्दांचा क्रम, सूर आणि वाक्याच्या टोकाचे छोटे शब्द

नोकरीनिमित्त हाँगकाँगला गेलेले, ग्वांगझूशी धंदा करणारे, टोरोंटो किंवा व्हँकुव्हरमध्ये आजूबाजूला सतत कॅन्टोनीज ऐकणारे मराठी लोक ही भाषा शिकायला घेतात आणि बहुतेक जण सुरांपाशी अडकतात. सहा सूर आहेत म्हटलं की माणूस एकेक शब्द घेऊन घोकत बसतो, आठवडाभराने तोच शब्द वाक्यात वापरायला गेला की सूर गायब. माझं स्पष्ट मत आहे की सूर सुट्या शब्दावर पाठ करून फार पुढे जाता येत नाही, कारण खरी अडचण वाक्यात आहे. मराठीत प्रश्न, शंका, आग्रह, राग हे सगळं आपण आवाजाच्या चढउतारावर भागवतो. कॅन्टोनीजमध्ये आवाज आधीच शब्दांचे अर्थ वेगळे ठेवण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे भावना सांगायचं बरंचसं काम वाक्याच्या अगदी शेवटी येणाऱ्या छोट्या शब्दांवर पडतं आणि कोण कोणाला काय करतंय हे सांगायचं काम शब्दांच्या क्रमावर. म्हणून क्रम, सूर आणि हे शेवटचे शब्द तिन्ही एकत्र शिकायचे. खाली त्याच पद्धतीने पायरी पायरीने लिहितोय, घाई न करता वाचा आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणा, मनात वाचून काहीच होणार नाही.

थोडी पार्श्वभूमी. हाँगकाँगमध्ये २०२१ च्या जनगणनेत साधारण ८८ टक्के लोकांनी आपली रोजची भाषा कॅन्टोनीज सांगितली होती. शिवाय मकाव, ग्वांगडाँग प्रांत, ग्वांगशीचा पूर्व भाग, मलेशियात क्वालालंपूर आणि इपोह इथेही ती बोलतात. मँडरिन (चीनची अधिकृत भाषा) येत असेल तर शब्दसंपत्तीला मदत होते, पण वाक्यरचनेत ती बरेचदा गोंधळ घालते, ते पुढे येईलच.

पायरी १: उच्चार देवनागरीतून पकडा

पुस्तकात आणि ॲपमध्ये उच्चार बहुतेक ज्यूतपिंग नावाच्या रोमन पद्धतीत दिलेले असतात, ही पद्धत हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये काढली. चांगली पद्धत आहे, पण त्यातलं रोमन अक्षर बघून आपण ब, द, ग म्हणतो आणि तिथेच चुकतं. कॅन्टोनीजमध्ये ब-द-ग सारखी घोष व्यंजनं नाहीतच, फरक आहे तो प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांचा. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्याला जो फरक शिकायला महिने लागतात तो आपल्याला बालवाडीपासून येतो! आपण ज्याला डिमसम म्हणतो ते खरं तिम२सम१ आहे (अक्षरामागचे आकडे सुरांचे, ते पायरी २ मध्ये). पुस्तकाचं मापनाम (मोजताना आकड्यानंतर लागणारा 'नग'सारखा शब्द) पुन२, मित्र फङ४यउ५, बघणे थइ२, तो किंवा ती खॉय५. इथे फ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला मराठी फ, फळातला. इंग्रजी फॅनमधला जो आहे तो मी फ़ असा टिंब देऊन लिहितोय.

च हा चमच्यातला च, पण पुढे इ किंवा यू आला की चिमट्यातला. अ आणि आ यांची लांबी काटेकोर पाळा, कारण सम१ म्हणजे हृदय आणि साम१ म्हणजे तीन, कइ१ म्हणजे कोंबडी आणि काइ१ म्हणजे रस्ता. शब्दाच्या शेवटचे प, त, क तोंडात अडवायचे, सोडायचे नाहीत. आणि ङ हा शब्दाच्या सुरुवातीला येतो, मी म्हणजे ङॉ५, तर 'रंग' म्हणताना गच्या आधी जो आवाज नाकात येतो तिथूनच सुरुवात करा. देवनागरीत न बसणारे एकदोन स्वर आहेत, ते मी जवळच्या अक्षराने लिहिलेत, ते कानाने दुरुस्त करा.

पायरी २: सहा सूर, आकड्यांवर

अक्षराच्या मागचा आकडा म्हणजे सूर. १ उंच आणि सपाट, २ खालून निघून उंच चढणारा, ३ मधला सपाट, ४ खाली घसरणारा, अगदी तळाला जाणारा, ५ खालून निघून थोडाच चढणारा, ६ मधल्यापेक्षा जरा खालचा सपाट. पारंपरिक मोजणीत नऊ सूर सांगतात, पण वरचे तीन म्हणजे प-त-क ने संपणारे तोकडे उच्चार आहेत, त्यांची उंची १, ३ आणि ६ चीच असते, त्यामुळे डोक्यात सहाच ठेवा.

हे पाठ करायची सगळ्यात सोपी युक्ती आकड्यांची आहे, कॅन्टोनीज शिकवणारे नेहमी सांगतात: ३९४०५२ हा नंबर म्हणा आणि सहा सूर क्रमाने येतात. साम१, कउ२, सेइ३, लिङ४, ङ्५, यि६. पुढे ७८६ जोडा, छत१, पात३, लुक६, की तोकडे तीनही झाले. फोन नंबर पाठ करतो तसं दिवसातून चार वेळा म्हणा. हे म्हणताना पेटी जवळ असेल तर उत्तम, १, ३ आणि ६ या तीन सपाट सुरांसाठी आपल्या आवाजाला सोयीच्या तीन पट्ट्या ठरवा, १ आणि ३ मध्ये अंतर जास्त ठेवा, ३ आणि ६ मध्ये कमी. पट्टी कोणतीही चालते, अंतर महत्त्वाचं, म्हणूनच बारीक आवाजाची मुलगी आणि भसाड्या आवाजाचे आजोबा एकमेकांना नीट समजतात.

५ आणि ६ वर जास्त वेळ द्या. विकत घेणे म्हणजे माइ५ आणि विकणे म्हणजे माइ६, फरक फक्त त्या थोड्याशा चढाचा. धंद्यासाठी शिकत असाल तर हा एक शब्द आधी पक्का करा.

मँडरिनमध्ये दोन ठरावीक सूर शेजारी आले की पहिला बदलतो, तसं कॅन्टोनीजमध्ये नाही, प्रत्येक अक्षर आपला सूर धरून राहतं. पण काही रोजचे शब्द बोलीत २ वर उचलले जातात: साखर म्हणजे थॉङ४ पण गोळी-चॉकलेटवाली गोड गोष्ट थॉङ२, छन४ आडनावाच्या माणसाला ओळखीचे लोक आ३छन२ म्हणतात. याला नियम शोधत बसू नका, ऐकाल तसे शब्द उचला.

पायरी ३: मराठी वाक्य घ्या, फक्त क्रियापद हलवा

आता क्रम. सगळीकडे लिहिलेलं असतं की कॅन्टोनीज म्हणजे कर्ता, क्रियापद, कर्म, इंग्रजीसारखं. हे अर्धंच खरं आहे आणि मराठी माणसाने इंग्रजीच्या वाटेने जाऊच नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याला जवळचा रस्ता आहे. हे वाक्य बघा:

ङॉ५ खम४यत६ हइ२ होङ१कॉङ२ माइ५चॉ२ यत१ पुन२ स्यू१.

शब्दाला शब्द लावला तर मी, काल, -मध्ये हाँगकाँग, घेतलं, एक, नग, पुस्तक. मराठीत आपण म्हणतो मी काल हाँगकाँगमध्ये एक पुस्तक घेतलं. कोण, कधी, कुठे, इथपर्यंत क्रम जसाच्या तसा आहे, फक्त शेवटी क्रियापद उचलून पुस्तकाच्या आधी ठेवलंय. इंग्रजीतून गेलात तर काल आणि हाँगकाँगमध्ये हे दोन्ही शेवटी टाकाल आणि वाक्य मोडेल. तेव्हा मनात मराठी वाक्य तयार करा, क्रियापद उचला, कर्माच्या आधी ठेवा. कोणाबरोबर हेसुद्धा क्रियापदाच्या आधीच राहतं: ङॉ५ थुङ४ खॉय५ हॉय३, मी त्याच्याबरोबर जातो. एकच लक्षात ठेवा, -मध्ये, -बरोबर हे प्रत्यय आपण नावाच्या मागे लावतो, ते इथे पुढे येतात, हइ२ होङ१कॉङ२, थुङ४ खॉय५. टेबलावर म्हणायचं तर दोन्हीकडून वेढतात, हइ२ थॉइ२ सोङ६मिन६, पुढे हइ२ आणि मागे वरची बाजू.

कॅन्टोनीजमध्ये विभक्ती नाही. मी, मला, माझ्यावर, सगळीकडे ङॉ५. आपण 'मला तो आवडतो' आणि 'तो मला आवडतो' कसंही फिरवतो कारण प्रत्यय अर्थ सांभाळतो, इथे ङॉ५ चुङ१यि३ खॉय५ म्हणजे मला तो आवडतो आणि खॉय५ चुङ१यि३ ङॉ५ म्हणजे त्याला मी आवडतो, जागा बदलली की प्रेमाची दिशाच बदलली.

विशेषणं आणि वर्णनं नावाच्या आधी, आणि इथे मराठी माणूस अगदी घरी असतो. मी काल घेतलेलं ते पुस्तक हे आपण जसं म्हणतो तसंच ते म्हणतात: ङॉ५ खम४यत६ माइ५ कॉ२ पुन२ स्यू१. मी, काल, घेणे, ते, नग, पुस्तक. इंग्रजीत याच्यासाठी नावाच्या मागे वाक्य जोडावं लागतं, आपल्याला काहीच करायचं नाही. लांबलचक वर्णनाची वाक्यं बनवायचा सराव याच साच्यावर करा, तो मराठी लोकांना फार लवकर जमतो.

मापनाम विसरू नका. आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये ते लागतंच: लोङ५ पुन२ स्यू१ दोन पुस्तकं, पण माणसाला किंवा साध्या वस्तूला कॉ३, प्राण्याला चेक३. सुचलं नाही तर कॉ३ ठोकून द्या, कानाला खटकेल पण समजेल.

काही बोलायचा विषय आधी काढायचा असेल तर कर्म पुढे आणता येतं, तेही मराठीसारखं: नि१ पुन२ स्यू१ ङॉ५ थइ२चॉ२ ला३, हे पुस्तक मी वाचलंय. विषय म्हटल्यावर छोटासा थांबा घ्या.

पायरी ४: जिथे मराठी क्रम चालत नाही

इथे सावकाश जा, कारण पायरी ३ ने आत्मविश्वास येतो आणि मग याच जागा फसवतात.

पहिली जागा, किती वेळ. केव्हा हे क्रियापदाच्या आधी, पण किती वेळ हे क्रियापदाच्या नंतर. मी दोन वर्षं शिकलो: ङॉ५ हॉक६चॉ२ लोङ५ निन४. आपण दोन्ही आधी ठेवतो म्हणून इथे हमखास चुकतं.

दुसरी, कसं. तो फार वेगात चालतो म्हणजे खॉय५ हाङ४ तक१ होउ२ फ़ाइ३, आधी चालणे, मग तक१, मग फार वेगात. क्रियापदाला तक१ जोडून मग वर्णन.

तिसरी, तुलना. मी तुझ्यापेक्षा उंच: ङॉ५ कोउ१ क्वॉ३ नेइ५, मी उंच पेक्षा तू. मँडरिनवाले इथे तुलनेचा शब्द आणि माणूस आधी आणतात, कॅन्टोनीजमध्ये विशेषण आधी. आणि साधं तो उंच आहे म्हणायला 'आहे'वाला हइ६ वापरायचा नाही, खॉय५ होउ२ कोउ१ म्हणायचं. त्यातला होउ२ म्हणजे फार, पण इथे तो वाक्य उभं राहायला लागतो, त्याला जोर नको.

चौथी, देणं. वस्तू आधी, माणूस नंतर. हॉटेलात पाणी मागायचं: म्४कॉइ१, पेइ२ पुइ१ सॉय२ ङॉ५. प्लीज, द्या, ग्लास, पाणी, मला. मँडरिनमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे मँडरिन शिकून आलेला माणूस इथे लगेच ओळखू येतो.

पाचवी, आधी आणि जास्त हे शब्द क्रियापदाच्या मागे. तू आधी जा: नेइ५ हाङ४ सिन१. ऑफिसातून निघताना सगळे म्हणतात ते: ङॉ५ चउ२ सिन१ ला३, निघतो मी. अजून खा: सिक६ तॉ१ति१. मराठीत जास्त खा, इथे खा जास्त.

नकाराचे तीन शब्द आहेत, तिन्ही क्रियापदाच्या आधी. म्४ हॉय३ म्हणजे जात नाही किंवा जाणार नाही, मोउ५ हॉय३ म्हणजे गेलो नाही, मेइ६ हॉय३ म्हणजे अजून गेलो नाही. काळाचे प्रत्यय नसल्यामुळे हे तीन शब्द फार मोलाचे आहेत. होकारात झालेल्या गोष्टीला चॉ२, चालू असलेल्याला कन२, कधीतरी अनुभवलेल्याला क्वॉ३, क्रियापदाला चिकटून: सिक६चॉ२ खाल्लं, सिक६कन२ खातोय, सिक६क्वॉ३ पूर्वी खाल्लंय.

पायरी ५: प्रश्न, आवाज न चढवता

आपण 'जेवलास?' म्हणून शेवट वर नेला की प्रश्न झाला. कॅन्टोनीजमध्ये हे करून बघाल तर शेवटच्या अक्षराचा सूर बिघडतो. समजा तुम्ही दुकानात नेइ५ माइ६? असं आवाज चढवून विचारलंत, तुम्ही विकता का या अर्थी. चढवल्यामुळे माइ६ चा सपाटपणा गेला आणि ऐकणाऱ्याला तो माइ५ वाटू शकतो, म्हणजे तुम्ही घेता का. म्हणून प्रश्न शब्दांनी बनवायचा: नेइ५ माइ६ म्४ माइ६ आ३? विकता नाही विकता, आणि शेवटी आ३. क्रियापद आता वाक्याच्या मध्ये सुरक्षित आहे.

क्रियापदाला दोन अक्षरं असतील तर पहिलंच दुहेरी करतात: नेइ५ चुङ१ म्४ चुङ१यि३ आ३? आवडतं का? आहे का साठी यउ५ मोउ५, असं आहे का साठी हइ६ म्४ हइ६, बोलताना ते आटून हइ६मइ६ होतं. झालं का साठी शेवटी मेइ६: सिक६चॉ२ फ़ान६ मेइ६ आ३? जेवलात का? हा प्रश्न हाँगकाँगमध्ये ख्यालीखुशाली म्हणूनही विचारतात, उत्तर सिक६चॉ२ ला३ किंवा मेइ६ आ३.

काय, कुठे, कोण वाले प्रश्न सगळ्यात सोपे, कारण मराठीसारखाच प्रश्नाचा शब्द आपल्या जागेवर राहतो. तू कुठे जातोस मध्ये कुठे जिथे उत्तर येणार तिथेच असतो, तसंच नेइ५ हॉय३ पिन१तोउ६ आ३? काय खातोस: नेइ५ सिक६ मत१ये५ आ३? किती पैसे: केइ२तॉ१ छिन२ आ३? उत्तर देताना फक्त तो शब्द काढून उत्तर ठेवा.

पायरी ६: वाक्याच्या टोकाचे शब्द

इथे जास्तीत जास्त वेळ घालवा, बाकी सगळं कमी पडलं तरी चालेल. मराठीतही आपल्याकडे हे आहेच: ये ना, बस की, नाही म्हणे, आला की काय, हो ना, बरं का. म्हणजे भावना शेवटच्या शब्दात टाकायची सवय आपल्याला आहे, इंग्रजी बोलणाऱ्याला नाही. एकच वाक्य घेऊन शेवट बदलत जा. वाक्य: खॉय५ म्४ लेइ४, तो येत नाही.

खॉय५ म्४ लेइ४ ला३. आता नाही येत तो, म्हणजे आधी येणार होता, बदललं.
खॉय५ म्४ लेइ४ आ४? अच्छा, नाही येत होय? आत्ताच कळलं म्हणून खात्री करून घेतोय.
खॉय५ म्४ लेइ४ मे१? येत नाही की काय? मला तर वाटलं येतोय.
खॉय५ म्४ लेइ४ वॉ५. येत नाही म्हणे. त्याने सांगितलं, मी नुसतं पोचवतोय.
खॉय५ म्४ लेइ४ क्वा३. नसेल येत बहुतेक.
खॉय५ म्४ लेइ४ हॉ२? नाही येत तो, हो ना?
खॉय५ म्४ लेइ४ लॉ१. नाही येत, झालं, त्यात काय एवढं.
खॉय५ म्४ लेइ४ थिम१. वर आणि येतही नाही.

या आठ ओळी पाठ करा, एका दमात नाही, रोज दोन. वॉ५ वर मला खास बोलायचंय. मराठीत 'म्हणे' एका शब्दात सांगून टाकतं की ही बातमी ऐकीव आहे, जबाबदारी माझी नाही. इंग्रजीत त्याला अख्खं वाक्य लागतं. कॅन्टोनीजमध्ये वॉ५ तेच काम त्याच जागेवर करतो, त्यामुळे मराठी माणसाने तो बिनधास्त वापरावा. फक्त वॉ३ शी गल्लत नको, सपाट वॉ३ म्हणजे अरे हो की, बरं का, लक्षात आणून देतोय असा भाव.

आता आ४ आणि मे१ नीट बघा. दोन्ही प्रश्न आहेत, पण आ४ चा आवाज खाली पडतो! आपला प्रश्न शेवटी वर जातो, त्यामुळे सवयीने आ४ सुद्धा वर जातो आणि अर्थ हरवतो. म्हणताना मुद्दाम छातीतून खाली आणा. मे१ मात्र उंच आणि सपाट, न हलवता.

आ३ हा सगळ्यात कामाचा. प्रश्नाला लावला की प्रश्न मऊ होतो, साध्या वाक्याला लावला की बोलणं तुटक वाटत नाही. नुसतं नेइ५ हॉय३ पिन१तोउ६ म्हटलंत तर कुठे चाललास असं दरडावून विचारल्यासारखं वाटतं. आग्रहाला ला१: छॉ५ ला१ बसा ना, सिक६ ला१ खा ना. ला१ उंच आणि ला३ मधला, एक आग्रह आणि दुसरा झालेला बदल, हा फरक पहिल्या दिवसापासून पाळा.

आणि बोलताना विसरलेला कर्ता या शब्दांच्याही मागे जोडता येतो. हॉय३चॉ२ पिन१तोउ६ आ३ खॉय५? कुठे गेला रे तो? आपण जसं 'तो' शेवटी टाकतो तसंच. फक्त आ३ नंतरचं ते खॉय५ पटकन आणि दबक्या आवाजात म्हणायचं, ठासून नाही.

पायरी ७: मग वाक्याच्या लयीचं काय

काही लोक शिकवतात की कॅन्टोनीजमध्ये वाक्याची लय नसतेच. तसं नाही. लांब वाक्य शेवटाकडे जाताना सगळं हळूहळू खाली उतरतं, म्हणजे शेवटचा १ हा सुरुवातीच्या १ पेक्षा जरा खाली असतो, पण त्याच्या शेजारच्या ३ पेक्षा वरच. समोरच्याचं बोलणं आश्चर्याने परत विचारताना शेवटचं अक्षर खरंच वर चढतं, कोणताही सूर असो, तो २ सारखा ऐकू येतो. म्हणून ऐकताना हे लक्षात ठेवा आणि सुरुवातीला स्वतः वापरू नका, मे१ आणि आ४ ने भागतं.

जोर द्यायचा असेल तर मराठीसारखा शब्द उचलून उंच फेकू नका. अक्षर लांबवा, आवाज मोठा करा, सूर तोच ठेवा, चढ असेल तर चढ आणखी ठळक करा. किंवा हइ६ ने ठासा: हइ६ ङॉ५ चोउ६ का३, मीच केलंय. राग आला तरी सुरांमधली अंतरं तशीच राहतात, पट्टी वर सरकते. हाँगकाँगच्या बाजारात भाजीवाल्या बायका मोठ्याने बोलतात तेव्हा कान देऊन ऐका, अंतरं शाबूत असतात.

गाण्यांचाही उपयोग होतो. कॅन्टोनीज गाण्यात चाल आणि शब्दांचे सूर जुळावे लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो, त्यामुळे गीतकार चाल आधी घेऊन तिच्यात बसतील असेच शब्द निवडतात. मँडरिन गाण्यात हे बंधन इतकं नसतं. एखादं संथ गाणं निवडा, ओळीचे सूर आकड्यात लिहा आणि चालीशी ताडून बघा, १ वर चाल वर आणि ४ वर खाली गेलेली दिसेल.

पायरी ८: सराव कसा करायचा

एका वेळी एकच वाक्य. आधी नुसते सूर गुणगुणा, शब्द नाहीत, मग शब्द घाला, मग वेग वाढवा. फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशेजारी लावून ऐका. कॉम्प्युटर असेल तर प्राट नावाचं फुकट सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी बनवलंय, त्यात आवाज टाकला की सुराची रेघ दिसते. माइ५ आणि माइ६ ची रेघ एकदा डोळ्यांनी बघितली की कानाला बरंच सोपं जातं. शब्द शोधायला प्लेको ॲपमध्ये कॅन्टोनीज उच्चार चालू करता येतात. ऐकायला हाँगकाँगचा सरकारी रेडिओ आरटीएचके, पण बातम्यांपेक्षा गप्पांचे कार्यक्रम घ्या, बातम्यांत वाक्याच्या टोकाचे शब्द फारसे येतच नाहीत आणि भाषाही पुस्तकी असते.

प्रत्यक्ष वापरायला दोन जागा उत्तम. एक छा४छान१थेङ१, म्हणजे हाँगकाँगची चहानाश्त्याची साधी हॉटेलं. तिथे ऑर्डर अशी द्या: यत१ पुइ१ तुङ३ नाइ५छा४, सिउ२ थिम४, म्४कॉइ१. एक कप थंड दुधाचा चहा, साखर कमी. वेटर घाईत असतो, लांब वाक्य ऐकायला थांबत नाही, त्यामुळे वस्तू आधी, बदल नंतर, म्४कॉइ१ शेवटी, हा क्रम तोंडात बसतो. दुसरी मिनीबस. बऱ्याच मिनीबसमध्ये उतरायचं असेल तर ड्रायव्हरला ओरडून सांगावं लागतं: छिन४मिन६ यउ५ लॉक६, म्४कॉइ१! पुढे उतरणारे आहेत. इथे छिन४ तळाला, लॉक६ तोकडा आणि सपाट. ओरडताना आपण सगळंच वर नेतो, तसं न करता मोठ्याने पण अंतर ठेवून म्हणायचं, आणि गाडी थांबली की समजायचं सूर पोचला. आभार मानायचे तर म्४कॉइ१ हे कुणी काम केलं की, आणि भेट दिली किंवा जेवू घातलं की तॉ१चे६, यात गल्लत नको.

ऐकताना एक गोष्ट गोंधळात टाकेल. हाँगकाँगचे तरुण लोक बोलताना न चा ल करतात आणि सुरुवातीचा ङ गाळतात, म्हणजे नेइ५ होउ२ च्या जागी लेइ५ होउ२ आणि ङॉ५ च्या जागी ऑ५. याला तिकडे लान५ यम१ म्हणतात, आळशी उच्चार. सुरांतही काही जणांचे २ आणि ५, किंवा ३ आणि ६ जवळ जवळ एक होत चाललेत. तुम्ही मात्र शिकताना सहाच्या सहा वेगळे ठेवा आणि न-ल दोन्ही ऐकायची तयारी ठेवा. समोरचा फार भरभर बोलला आणि कळलं नाही तर सरळ सांगा: ङॉ५ थेङ१ म्४ मिङ४, कोङ२ मान६ ति१ ला१. मला ऐकून कळलं नाही, जरा हळू बोला ना. या एका वाक्यात नकार आहे, क्रियापदाच्या मागे आलेलं हळू आहे आणि शेवटी आग्रहाचा ला१ आहे, तेव्हा अडला की तेच म्हणा.